रक्ताचा उतारा

पोराचं लग्न ठरलं आणि बायकोनं खर्चाची यादी काढली. मंडप, घोडी, केटरर आणि चौथ्या क्रमांकावर ‘ह्यांचं तोंड’. आजवर या तोंडासाठी मी दत्त चौकात दाढी करण्यापलीकडे खर्च केलेला नव्हता. पण फोटोत व्याही तरुण दिसणार, हा तिचा मुद्दा बिनतोड होता.

यवतमाळातल्या एका क्लिनिकात गेलो. सोबत सासरे होते. घाटंजीकडचे कास्तकार. दुसऱ्या एका नातवाला डेंग्यू झालेला, म्हणून त्याच्या ‘पेशी’ किती वाढल्या हे विचारायला ते सरकारी दवाखान्यात आले होते. पेशी वाढल्याचं कळल्यामुळे स्वारी खुशीत होती.

“सर, तुमचंच रक्त, तुमच्याच चेहऱ्याला. शंभर टक्के नॅचरल!” काउंटरवरच्या मुलीनं रंगीत कार्ड पुढं सरकवलं. त्यावर चार प्रकार होते. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात बियाण्याचं पाकीट निवडताना जशी छाती धडधडते, तशी माझी धडधडू लागली.

पहिला प्रकार म्हणजे चेहऱ्यावर बारीक सुयांचं पेन फिरवायचं आणि वरून प्लेटलेटवाला प्लाझ्मा चोपडायचा. हेच ते ‘व्हॅम्पायर फेशियल’. २०१३ मध्ये किम कार्दशियननं रक्तानं माखलेल्या तोंडाचा फोटो टाकला आणि हे जगभर पोचलं. पुन्हा कधी करणार नाही, असंही नंतर तिनंच सांगितलं. दुसऱ्या प्रकारात प्लाझ्मा सुईनं थेट कातडीत. तिसरं ‘व्हॅम्पायर फेसलिफ्ट’. आधी फिलर भरून बसलेले गाल उभे करायचे, मग प्लाझ्मा टोचायचा. हे नाव अलाबामाच्या चार्ल्स रनल्स नावाच्या डॉक्टरनं ट्रेडमार्क करून ठेवलंय. चौथं जीएफसी. त्यात प्लेटलेटमधली वाढीची द्रव्यं तेवढी काढून घेतात. नाव जितकं अवघड, तितका भाव वर.

“पण करता काय नेमकं, बाई?” सासऱ्यांनी विचारलं.

“काका, वीस मिली रक्त घेतो, मशीनमध्ये गरगर फिरवतो. लाल पेशी खाली बसतात. वरचा प्लेटलेटवाला भाग दोन-तीन मिली निघतो. तोच कामाचा.”

“म्हंजे जिनिंगच झालं!” सासऱ्यांचा चेहरा कुठल्याही उपचाराविना उजळला. “पन उतारा लय कमी हाय. आमच्या क्विंटलभर कापसातून ३३-३४ किलो रुई निघते. तुमचा तं धा-पंधरा टक्केच पडून रायला. अन् सरकी कोन नेते?”

“सरकी?”

“थे खाली बसते ते. लाल.”

“ते डिस्कार्ड करतो, काका.”

“फेकता? ढेपीचा भाव मालूम हाय का तुले?”

मुलगी हसली, मी मात्र गप्प झालो. या जिल्ह्यात तुटवडा आहे तो नेमका सरकीचाच. कोलाम, गोंड, परधान वस्त्यांवर सिकलसेल पिढ्यान् पिढ्या लाल पेशी मोडत बसलाय. तो २०४७ पर्यंत संपवायची मोहीम केंद्र सरकारनं २०२३ मध्ये काढली आहे. उन्हाळा लागला की रक्तपेढ्या दात्यांना हाका मारतात. माझ्या वीस मिलीनं कुणाचा जीव वाचणार नव्हता, हे मलाही कळतं. तरी सरकी फेकून रुई गालाला चोपडणारा कास्तकाराचा पहिला जावई व्हायला मन धजेना.

बाकड्यावर बसून मोबाइल चाळला. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टरांचा २०१८ चा एक प्रयोग सापडला. माणसांच्या एका गालात हा प्लाझ्मा टोचला, दुसऱ्यात नुसतं सलाइन. कुठल्या गालात काय, हे ना त्या माणसांना सांगितलं, ना तपासणाऱ्यांना. सहा महिन्यांनी त्या माणसांना स्वतःला प्लाझ्माचा गाल सुधारल्यासारखा वाटला. तपासणाऱ्या तज्ज्ञांना मात्र दोन्ही गाल सारखेच दिसले! म्हणजे आरशात फरक, व्याह्याच्या डोळ्यांत नाही. बायकोचा सगळा हिशेब तर व्याह्याच्या डोळ्यांवरच बेतलेला.

खाली आणखी एक बातमी होती. अमेरिकेत अल्बुकर्कीच्या एका विनापरवाना स्पामध्ये हेच फेशियल केलेल्या तीन बायकांना बहुधा तिथूनच एचआयव्हीची लागण झाली, असं तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं २०२४ मध्ये कळवलं. मी सासऱ्यांना वाचून दाखवलं.

“चोरबीटी बियाण्याचं पाकीटबी असंच चकचकीत राहते,” ते म्हणाले आणि उठून काउंटरशी गेले. “बाई, सुई नवी फोडता का? अन् टोचते कोन? डॉक्टर का तू?”

पहिल्या प्रश्नाला उत्तर चटकन आलं. दुसऱ्याला यायच्या आधी मुलीनं विषय भावावर नेला. तीन बैठकांचे बारा हजार. सासऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. “२०२५-२६ च्या हंगामाचा ८,११० चा हमीभाव भेटला तं दीड क्विंटल कापूस. भेटला तं! आपलाच कापूस नेऊन आपल्यालेच सदरा इकणारे लय पाह्यले, जावईबापू. आपलंच रगत आपल्याले इकणारे आज पाह्यले.”

“चला मामाजी,” मी उठलो.

गिऱ्हाईक निसटतंय म्हटल्यावर मुलीनं एक यंत्र माझ्या गालाला टेकवलं. “सर, मॉइश्चर खूपच कमी आहे. तुम्हाला तीन नाही, पाच बैठका लागतील.”

सासरे दारातून मागं फिरले. यंत्राकडं त्यांनी जुनी ओळख असल्यासारखं पाहिलं.

“सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर असंच मीटर राहते. ओलावा बाराच्या वर निघाला का गाडी वापस. इथं कमी निघाला तं पैसे जास्त. मीटर कोनाचंबी असो जावईबापू, आकडा आपल्या इरोधातच निघते.”