आळीत पाहुणी, गळ्यात कॅमेरा

"काकू, ती कॅमेरावाली पोरगी गेली का हो? मी माहेरी काय गेले, म्हणे सगळ्या आळीचं शूटिंग झालं!"

"शूटिंग कसलं डोंबलाचं! कुंपणाजवळ ये आधी, ओरडून सांगण्यासारखं नाही. समोरच्यांचे कान फार तिखट आहेत."

"आले. कोण होती पण?"

"इस्रायलहून आलेली, लोद गावची. आजी आपल्या अलिबागची, ह्याच इस्रायल आळीतली. लग्न होऊन गेली ती तिकडेच. पोरीचा बाप मोरोक्कोकडचा, त्यामुळे रंगरूप निराळं, पण बोलायला लागली की 'जेवलीस का', 'बस गं', 'चल आता' असं ठसक्यात. आजीनं लहानपणी दटावलं असेल तेवढंच मराठी. बाकी सगळं इंग्रजी. तुझे काका दुभाषी."

"काका? त्यांना शाळेत इंग्रजीत…"

"तेच गं. पण पोरगी गुणी, हसली नाही. तर आजीनं सांगून पाठवलेलं, माझ्या घराचा फोटो काढून आण. पत्ता काय, तर 'देवळाच्या मागे, विहिरीजवळ'. देऊळ म्हणजे ज्यू लोकांचं, आपलं मागेन अबोथ सिनेगॉग. ते जागेवर आहे, 1848 सालचं. पण विहीर कुठली सांगणार? बुजल्याला किती वर्षं झाली. झालं, आळीत चार जण, चार घरं!"

"आडनावावरून नाही कळत?"

"आडनावावरून गाव कळतं, घर थोडंच कळतं? नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, ते मूळ कुठल्या गावचे एवढंच त्यात. आणि आता मजा ऐक. समोरच्यांनी काय केलं, ती रिक्षातून उतरते न उतरते तोच 'या या, हेच तुमच्या आजीचं घर' म्हणून आत नेलं. चहा काय, पोहे काय! ते घर त्यांच्या बापानं बांधलेलं, माझ्या डोळ्यादेखत. सिमेंटची गोणी मी मोजलीय."

"अय्या! मग तिला कळलं?"

"तिला खूण माहीत होती ना. त्यांच्या घरांना, आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीवर मेझुझा असतो. लहानशी डबी, आत चामड्याच्या पट्टीवर हिब्रूत लिहिलेलं. घर विकलं की काढून नेतात, खिळ्यांची भोकं मागे राहतात. मोबाइलची बॅटरी तिनं चौकटीला बाजूनं लावली. समोरून उजेड मारला की सगळं सपाट दिसतं म्हणे, बाजूनं मारला की बारीक भोकालासुद्धा सावली पडते. समोरच्यांच्या चौकटीला काय सापडणार? सनमायका! पोरीनं मुकाट्यानं त्याचाही फोटो काढला. मला तिचं तेवढं आवडलं."

"आणि तुमच्या चौकटीला?"

"आहेत की! दोन, अशी खांद्याच्या उंचीला. मी इतकी वर्षं त्यातल्या एकात खिळा ठोकून तोरण बांधतेय. सासऱ्यांनी हे घर तिकडे निघालेल्या कुटुंबाकडूनच घेतलं होतं. समोरची लगेच म्हणते कशी, 'म्हणजे आजीचं घर तुमचंच, करा आता पाहुणचार.' मी म्हटलं, बाई गं, सगळी आळीच त्यांची होती! भोकं शोधायला निघालीस तर दहा घरांना निघतील. निघालीच. बँकेतल्या भाऊंकडे, टोकाच्या पडक्या घराला, गिरणीच्या मागच्या दाराला. पोरगी दारोदार. घराचा फोटो राहिला बाजूला, नुसत्या चौकटींचे!"

"रविवारी यायला हवं होतं हो मी. शनिवारी तरी."

"शनिवारी येऊन काय करणार होतीस? शुक्रवारी सूर्य बुडाला तसा कॅमेरा पेटीत. शब्बाथ. मोबाइल बंद, फोटो बंद, थेट शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. आणि समोरच्या वहिनी शनिवारी सकाळी पैठणी नेसून ओट्यावर, गजरा बिजरा माळून!"

"हो? आणि कोणी सांगितलं नाही?"

"मी सांगणार होते. मग म्हटलं, बसू दे थोडा वेळ. अगं, त्यांना इथे शनिवार तेली का म्हणायचे? शनिवारी घाणा बंद म्हणून. तेलाचा धंदा, पण शनिवारी बैल जुंपायचा नाही, उपाशी राहिलं तरी. हिनं कॅमेरा बंद ठेवला, खापरपणज्याची पोरगी शोभते. दिवसभर बसली माझ्याकडे मागच्या पडवीत. मी नारळ खवला, वाल सोलले. मी कोळंबी काढणार होते, तर ते चालत नाही. खवल्याचा मासा हवा. पापलेट केलं, नारळाच्या रसात. म्हणाली, आजी असंच करते. खरं सांगू, त्या दिवशी तिनं जेवढं पाहिलं तेवढं कॅमेरा घेऊन पाहिलं नाही."

"आणि कुठे कुठे नेलंत?"

"खंडाळ्याला, एलियाहू हनाबीच्या टापावर. घाटातलं नव्हे, आपलं इथलं. खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत म्हणतात ना, तिथे. मलिद्याच्या विधीला गोड पोहे, नारळ, फळं असं मांडतात, तेही दाखवलं. तिथे फोटो चांगले आले म्हणे. मला तो खडक नेहमी खडकच वाटतो, पण ती उभी राहिली डोळे मिटून, मग मीही हात जोडले. आपलं काय जातंय?

"पण खरी गंमत नवगावला. जहाज फुटलं, सात जोडपी तेवढी वाचली आणि किनाऱ्याला लागली, असं ते सांगतात ना, ती जागा. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्याखाली. आता स्मारकाचा खांब आहे. बाजूच्या जुन्या कबरींवर वर हिब्रू, खाली मराठी. तर ह्या बाईला हिब्रू वाचता येतं, देवनागरी नाही. मला देवनागरी येतं, ते वरचं नाही. बसलो दोघी एकेका दगडासमोर फतकल मारून. ती वरचं वाचायची, मी खालचं, मग तारखा जुळवायच्या. अक्षरं झिजलेली. मी बाटलीतलं पाणी ओतलं, ओला दगड काळा पडतो आणि अक्षर उठून दिसतं. ती खूश! लोक म्हणे खडू नाहीतर पीठ चोळतात. दगड खराब होतो, आणि मुंग्या."

"पण कबरींचे फोटो कशाला इतके?"

"मीही तेच विचारलं. त्यावर फोनवरून आजीच बोलली. ही माणसं तिकडे गेली, तर तिथले धर्मगुरू लग्नाच्या वेळी विचारायला लागले, तुम्ही पुरते ज्यू का? पुरावा काय? आजोबा-पणजोबा कोण? इथे दोन हजार वर्षं शनिवार पाळला, सुंता केली, आणि तिथे उंबऱ्यात उभं करून चौकशी. मग धरणी झाली, उपासतापास झाले, तेव्हा कुठे 1964 साली तिथल्या सरकारनं सांगितलं की हे आपल्यातलेच, बरोबरीचे. आजी म्हणाली, तेव्हा ह्या दगडाचा एक फोटो हाताशी असता तर माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या टेबलावर आपटला असता. अस्सल अलिबागी म्हातारी! मराठी ऐकशील तर तुला वाटेल बाजारातून बोलतेय."

"अजून मराठी बोलतात तिकडे?"

"बोलतात काय, 'मायबोली' नावाचं त्रैमासिकच काढलं होतं तिकडल्या लोकांनी. आपला नातू मात्र मला 'ग्रॅनी' म्हणतो, पाचशे पावलांवर राहून."

"बरं, मग घर सापडलं की नाही?"

"व्हिडिओ कॉल लावला शेवटी. आळीच्या तोंडापासून चालत निघालो, पोरगी पुढे फोन धरून, मागे अर्धी आळी. म्हातारी म्हणते, हे नाही, हे नाही, इथे चिंच होती, इथे आमची शेळी. देवळाच्या मागे आलो तर गप्प. मग म्हणाली, सगळंच बदललंय, मला काही ओळखू येत नाही, त्या मराठी वाचणाऱ्या बाईला दाखवा. मला! आणि मला काय विचारलं असेल? 'तुमच्याकडे आता पाण्याची टंचाई नसते का?'"

"काहीतरीच!"

"शप्पथ. नाहीतर विहीर का बुजवली, म्हणाली. रागावलीच माझ्यावर. मी काय बुजवली का?"

"फोटो पाठवले का तिनं?"

"पाठवले की. एकशे काहीतरी चौकटी. माझा एक आहे, डोळे मिटलेले. तुझे काका त्यातल्या त्यात बरे आलेत. आणि समोरच्यांना सनमायकाचा पाठवला."

"त्यांनी काय केलं?"

"ते खचणारे आहेत का? होमस्टेची पाटी करायला टाकलीय, 'येथे इस्रायली पाहुण्यांचे वडिलोपार्जित घर'. आणि काल दुपारी, तुझे काका झोपले होते तेव्हा, उजव्या चौकटीला दोन भोकं पाडली. ड्रिल मशीनचा आवाज मी ऐकला. जरा वाकून बघ, दिसतील. एक तर उंबऱ्यापासून वीतभरच वर आहे."