किती फूट चढवायचं?

घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाडीतल्या विहिरीवरच्या मोटारीला कोणी मान दिल्याचं मला आठवत नाही. तिची आठवण ती बंद पडली की होते. फूटव्हॉल्व्ह गळतो, पंप हवा धरतो, मग बादलीने त्याला पाणी पाजायचं. या शिक्षणात माझी अर्धी हयात गेली. त्यामुळे मुलाने कॉम्प्युटर पाण्यावर थंड करायचं ठरवून "बाबा, पंप कुठला घेऊ?" असं विचारलं, तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो.

त्याच्यापुढे दोन नावं होती, डी-५ आणि डीडीसी. दोन्ही मुठीएवढे, १२ व्होल्टचे. डी-५ तासाला १५०० लिटरपर्यंत पाणी फिरवतो. डीडीसी अंगाने लहान, पाणी कमी देतो, पण दाब जास्त, आणि स्वतःही चांगलाच तापतो. "जास्त हेडवाला, म्हणजे पाणी जास्त उंच चढवणारा घे," मी म्हणालो. विहिरीने शिकवलेलं शहाणपण!

खात्री करायला तलासरीच्या वाइंडिंगवाल्या काकांना विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती फूट चढवायचं?"

"दीड फूट. प्रोसेसरवरून रेडिएटरला, तिथून टाकीत, टाकीतून परत पंपात."

काका हसले. "परत येतं ना? मग चढवायचं काय त्यात, भाऊ? जेवढं चढतं तेवढंच उतरतं. उतरणारं चढणाऱ्याला ओढून घेतं. पंपाच्या वाट्याला नुसती घासाघीस."

ती घासाघीस कुठे, तर प्रोसेसरवरच्या ठोकळ्यातल्या केसासारख्या बारीक फटींत, रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत आणि प्रत्येक एल्बोच्या वळणावर. असे ठोकळे तीन-चार असते, तर दाबाचा विचार करावा लागला असता. आमचा एकच. डी-५ आणला, पाचपैकी तिसऱ्या आकड्यावर ठेवला. त्यापुढे पाणी कितीही पळवा, तापमान एखाद-दुसऱ्या अंशानेच उतरतं. आणि मे महिन्यात डहाणूची हवा जेवढी गरम, त्याहून थंड ते पाणी कोणत्याही पंपाने होणार नाही. खाडीकाठचं ५०० मेगावॅटचं वीजकेंद्र खाडीच्या पाण्यावर थंड होतं. आमच्या खाडीत जेमतेम लिटरभर पाणी, तेच पुन्हा पुन्हा वापरायचं.

पहिल्या रात्री टेबल थरथरलं. मुलाने पंपाला हात लावला, मी छताकडे पाहिलं. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत धक्के बसू लागले, तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही थरथर आधी धरणीच्या खात्यावर जमा होते. या वेळी धरणी निर्दोष सुटली. "हवा धरलीय," मी म्हणालो. मुलाने कॅबिनेट तिरकं केलं, बुडबुडे टाकीत आले आणि कुरकुर थांबली. विहीर अगदीच वाया गेली नव्हती.

"एवढं फिरून ते पाणी करतं काय?" बायकोने विचारलं.

"तापतं, निवतं, परत येतं."

"म्हणजे तुमचं संध्याकाळी समुद्रावर जाणं."

मी चप्पल घातली. समुद्रावर नाही, वाडीत जायचं होतं, मोटार चालू करायला. तिथलं पाणी परत येत नाही. येतात ते चिकू.