नाव नसलेल्या डबीच्या मालकास

शिवमंदिर परिसर, अंबरनाथ

‘सात दिवसांत उजळ चेहरा’ या नाइट क्रीमचे मालक,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो चुकून राहिलेला नाही.

तुमच्या डबीला सोनेरी झाकण आहे, गुलाबाचं चित्र आहे, वचनही आहे. फक्त तुमचं नाव नाही. पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, आत काय कालवलंय तेही नाही. दुसऱ्याच्या लेकीच्या गालावर रोज रात्री काय फासलं जातंय, हे सांगायची वेळ आली की तुम्ही फार लाजता. पैसे घेताना मात्र तुमची लाज कुठे जाते?

माझ्या भाचीला तुम्ही एका पार्लरमधून गाठलंत. कॉलेजात जाणारी पोर, तेलकट त्वचा, कपाळावर थोडी मुरमं. पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच उजळला, मुरमं बसली, आणि ते पाहून तिच्या मैत्रिणींनीही डब्या घेतल्या. मग एकदा डबी संपली आणि नवी मिळायला उशीर झाला. चेहरा लालबुंद, आग आग, आधी होती त्याच्या दुप्पट मुरमं. डबी पुन्हा लावली की सगळं शांत. तुमचं गिऱ्हाईक का तुटत नाही, ते आम्हाला तेव्हा समजलं. त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा पाहताक्षणी विचारलं, “कुठली क्रीम लावत होतीस?”

ही करामत स्टिरॉइडची असते. स्टिरॉइडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज दबते, म्हणून चेहरा फिका आणि नितळ दिसतो. महिनोन्‌महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, ओठांवर आणि हनुवटीवर लव वाढते. थांबवलं की दबलेलं सगळं उसळून वर येतं. योग्य आजारात, मोजक्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच औषध मोलाचं असतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच्या गैरवापराविरुद्ध वर्षानुवर्षं ओरड केली, तेव्हा कुठे २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. तुम्ही यावर सोपा तोडगा काढलात. औषधाचं नावच छापायचं नाही.

स्टिरॉइड नसेल तर पारा. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून रंग उतरतो. पण तो कातडीवर थांबत नाही, रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. आपल्या अकोल्यात एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, एकाच घरातल्या तिघी अशाच क्रीमने आजारी पडल्या. मूत्रपिंडं बिघडली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा सापडला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत आजाराचा एक खास प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही, असं २०२० चे नियम सांगतात. तुम्ही तो नकळत घालत नाही.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो माझ्या भाचीला काय हवं होतं हे आठवून. किती थोडं हवं होतं! सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, काही न लावता तासभर थांबायचं, मग आरशात बघायचं. सगळा चेहरा चमकला तर तेलकट, ओढल्यासारखा वाटला तर कोरडा, फक्त कपाळ आणि नाक चमकलं तर मिश्र. साध्या साबणानेही चुरचुरत असेल तर नाजूक. अंबरनाथच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत घामाने निथळणाऱ्या तेलकट चेहऱ्यालाही मॉइश्चरायझर लागतं, पण हलकं, जेलसारखं. कोरड्याला ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं घट्ट क्रीम. मुरमांसाठी दोन टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक ॲसिड, तेही आधी एक दिवसाआड. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. आणि सकाळी निदान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. वांग असेल आणि सनस्क्रीन लावलं नाही, तर बाकी कशाचाही उपयोग नाही. रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं मिळालं तर उत्तम. परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. या आठवड्यांचाच तुम्ही धंदा करता. पोरींना धीर नसतो, आणि त्यांना धीर नसावा याची व्यवस्था लग्नाच्या जाहिरातींपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी केलेली असते. तो दोष आमचा, आमच्या घरांचा. विष मात्र तुमचं.

इथे ९६० हून अधिक वर्षं शिलाहारांचं शिवमंदिर उभं आहे. शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलालेख आहे. त्याच्या भिंतींवरच्या काळ्या पाषाणातल्या स्त्रिया बघायला लांबून लोक येतात आणि तासन्‌तास मान वर करून उभे राहतात. त्याच वाटेवरून कॉलेजला जाणाऱ्या सावळ्या मुलीला तुम्ही सांगता की तिच्या रंगात काहीतरी कमी आहे.

भाचीचे उपचार चालू आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय की चेहरा शांत व्हायला कित्येक महिने लागतील. ती ओढणीने तोंड झाकून बाहेर पडते.

तुमची डबी आम्ही फेकलेली नाही. तळाशी थोडी क्रीम शिल्लक आहे, तपासणीपुरती. ती घेऊन आम्ही ठाण्याला अन्न व औषध प्रशासनाकडे जाणार आहोत. तक्रारीचा मजकूर लिहून तयार आहे, फक्त उत्पादकाचं नाव आणि पत्ता तेवढा भरायचा राहिलाय. तो कळवा.

एक मावशी