शेवंतीची झोपमोड

दिवाळी उलटून गेली तरी कुंडीतली शेवंती कळी धरत नसेल, तर सोसायटीत सल्ल्यांना तोटा नसतो. पहिल्या मजल्यावरच्या काकू चहाचा चोथा घालायला सांगतात, वरच्या वहिनी केळीची सालं आणून देतात, आणि एखादे निवृत्त काका "पाणी तोडा, ताण बसू द्या" असं बजावून जातात. शेवंती मिळेल ते खाते-पिते, अंगाने भरते आणि फुलाचं नाव काढत नाही. तिच्या डोक्यावर जिन्यातला दिवा रात्रभर जळत असतो, तिकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

शेवंती फुलते ती रात्र लांबली की. जूनअखेर पुण्यात दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरावर येतो. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. आपण "हल्ली लवकर अंधारतं" म्हणून सोडून देतो. झाड तो पानांनी मोजून घेतं.

हे ध्यानात आणून दिलं अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी. 'मेरीलँड मॅमथ' नावाची तंबाखू शेतात माणसाच्या डोक्यावर जायची, पण उन्हाळाभर फुलायची नाही; तीच हिवाळ्यात काचघरात बुटकी असतानाच फुलायची. शेवटी 1918 च्या उन्हाळ्यात त्यांनी दुपारी चारलाच कुंड्या अंधाऱ्या खोपटात ठेवायला आणि सकाळी नऊला बाहेर काढायला सुरुवात केली. तंबाखू फुलली! 1920 मध्ये त्यांचा निबंध छापून आला. सरकारी खात्यात चारला आवरतं घेतल्याने जगाचं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. ओसाड रानात फिरून आलं की धोतराला, साडीला काटेरी बोंडं चिकटतात, तो शंकेश्वर. 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी त्याच्यावर प्रयोग केले. दिवसा मध्येच अंधार केला, त्याचं त्याला काही नाही. लांब रात्रीच्या मध्यावर मात्र मिनिटभर दिवा लावला आणि त्याने फुलायचंच रद्द केलं! म्हणजे मोजणी चालते ती रात्रीची, आणि तीही सलग रात्रीची. तान्हं बाळ असलेल्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पॉलिहाऊसमधले शेवंतीवाले तर याच्यावरच पोट भरतात. रोप लहान असताना रात्री बल्ब लावून त्याला कळीचा विचार करू देत नाहीत. दांडा हवा तेवढा लांब झाला की दिवे बंद, आणि दिवस मोठे असतील तर वरून काळं कापड. मग फुलं बाजाराला हवी तेव्हा येतात. परसातल्या पावट्याच्या जुन्या जातीला मात्र असा मालक नसतो. ती पावसाळाभर मांडव व्यापते, शेंग धरते ती थंडीच्या तोंडावर. घाई आपल्याला, तिला नाही. टोमॅटो या भानगडीत पडतच नाही, तो कधीही फुलतो; फुलझाडांच्या जगातही असे बिनमुहूर्ताचे लोक असतात.

तेव्हा चोथा आणि सालं राहू द्या. सप्टेंबरातच कुंडी जिन्यातून उचला आणि जिथे रात्री खरोखर काळोख असतो अशा कोपऱ्यात ठेवा. आणि कळी आली का ते रात्री बारा वाजता मोबाइलचा टॉर्च मारून बघू नका. सकाळी बघा.