गायचे सोडून सगळे

दहा-पंधरा वर्षे बेपत्ता असलेल्या रॉक गायकाला पुन्हा नाव कमवायचे असेल, तर त्याने मुंबई-पुण्याच्या नादी लागू नये. तिथे त्याची जुनी गाणी पाठ असलेले चार जण अजून हयात असतात आणि ते नेमके पहिल्याच कार्यक्रमाला येऊन पुढच्या रांगेत बसतात. शहाण्या माणसाने रात्रीची गाडी धरावी आणि पहाटे जळगावला उतरावे. नाहीतर आग्रा रोडने सरळ धुळे गाठावे. कॉलेजातली गिटारवाली पोरे सोडली, तर रॉकविषयी खानदेशात कोणाचेही मत वाईट नाही. मत बनण्याइतके ते कानावर पडलेलेच नाही. अशी कोरी पाटी आजकाल कुठे मिळते?

उतरल्या उतरल्या एक पथ्य मात्र पाळावे. गाऊ नये. गायकाची किंमत तो किती दिवस गायला नाही यावर ठरते, आणि ही ठेव एका रात्रीत मोडणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा रॉड्रिग्ज पाहा. 1970 आणि 1971 साली त्याच्या दोन तबकड्या निघाल्या, त्या तिकडे कोणी घेतल्या नाहीत, म्हणून तो जुनी घरे पाडायच्या मजुरीवर गेला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत त्याचे नाव घरोघरी झाले होते आणि त्याने रंगमंचावरच जीव दिला अशी वदंता होती. 1998 साली तो चालत्या-बोलत्या अवस्थेत तिथे पोहोचला तेव्हा लोक वेडे झाले. 2012 साली त्याच्यावर माहितीपट निघाला, पुढच्या वर्षी त्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. यात रॉड्रिग्जने केले काय? तो घरी राहिला. इंग्लंडच्या केट बुशने 1985 साली गायलेले गाणे 2022 मध्ये एका मालिकेत वाजले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. बाईंना उंबरठासुद्धा ओलांडावा लागला नाही. गन्स एन रोझेसच्या ॲक्सल रोजने तर 1991 नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा पुढचा अल्बम 2008 साली काढला. अल्बम आल्यावर मात्र लोकांनी तो ऐकला, आणि तिथेच त्याचे नुकसान झाले.

हे पथ्य न पाळल्याचे फळ जळगावकरांना वेगळे सांगायला नको. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा लहानपणी याच गावात मेहबूबखाँकडे गाणे शिकला आणि पुढे बालगंधर्व झाला. कीर्ती, स्वतःची कंपनी, शालू, अत्तर, कर्ज, सगळे यथासांग झाले. मग बोलपट आले, नाटकांचे दिवस फिरले. 1935 साली गंधर्वांनी ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त एकनाथांचे काम केले, पण लोकांना हवे होते ते नऊवारीतले गंधर्व. वय सत्तेचाळीस, नाव हिंदुस्थानभर, मागे देणेकरी. गायब व्हायला याहून चांगला मुहूर्त शोधून सापडला नसता. एखाद्या मठात पंधरा वर्षे काढली असती, तर परत येताना स्टेशनपासून पालखी निघाली असती. गंधर्वांनी काय केले? ते पुन्हा रंगभूमीवर आले आणि गात राहिले. साठी ओलांडली तरी शालू नेसून गायले, शरीर थकल्यावर बसून भजने गायले. 1964 साली पद्मभूषण मिळाले, 1967 साली गेले. इतक्या मोठ्या माणसाला आयुष्यात एकदाही धडपणे पुनरागमन करता आले नाही, कारण मुळात जाणे त्यांना जमले नाही. जळगावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि दर जानेवारीत त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. तिथे इतर लोक गातात.

बहिणाबाईंचे तेच, फक्त दुसऱ्या बाजूने. आसोद्याची लेक आणि जळगावची सून. जात्यावर, शेतात, चुलीपुढे गायल्या; रोज गायल्या, आणि फुकट गायल्या. रोज फुकट ऐकू येणाऱ्या गाण्याला घरात कोण विचारतो? 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या, तेव्हा कुठे त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक निघाले. जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव लागायला 2018 उजाडले. मरण हा पुनरागमनाचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, याबद्दल खानदेशात दुमत नाही. त्यात मानधनाचा चेक दुसऱ्याच्या नावाने निघतो, एवढीच गैरसोय. आपल्या रॉक गायकाला इतकी घाई करायचे कारण नाही.

आता पोशाख. काळे लेदर जॅकेट सोडू नये. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, भुसावळचा त्याच्याही पुढे जायला बघतो, आणि दुपारी एक ते चार रस्त्यावर फक्त कुत्री आणि विमा एजंट दिसतात. अशा वेळी जॅकेट घालून जो माणूस चौकात उभा राहतो, त्याच्याविषयी लोकांना आदर वाटतो, निदान काळजी तरी वाटते. दोन्हींचा फोटो सारखाच येतो.

केसांचे महत्त्व त्याहून मोठे. खानदेशातले अलीकडचे सर्वांत गाजलेले गाणे कोणते, असे विचारले तर शेंबडे पोरही सांगेल, ‘बबल्या इकस केसावर फुगे’. अण्णा सुरवाडे यांनी गायले, सचिन कुमावत यांनी काढले, आणि यूट्यूबवर कोट्यवधी वेळा ते पाहिले गेले. पुण्या-मुंबईच्या लग्नांत ज्यांना अहिराणीचे एक अक्षर कळत नाही, तेही त्यावर घाम निघेपर्यंत नाचले. त्या गाण्यामागे एक रोकडा व्यवहार आहे. बायका विंचरताना निघालेले केस गुंडाळी करून खिडकीच्या फटीत किंवा भिंतीतल्या कोनाड्यात साठवतात. फेरीवाला गल्लीत आला की पोरे ती गुंडाळी घेऊन धावतात आणि केसांच्या बदल्यात फुगे घेऊन येतात. ज्या मुलखात केसाला असा उघड भाव आहे, तिथे कमरेपर्यंत केस वाढवलेला माणूस कफल्लक कसा म्हणता येईल? कारकीर्द अगदीच बसली, तरी तीन-चार फुगे कुठे गेले नाहीत.

व्हिडिओ लागतोच. नोव्हेंबर 2020 मध्ये लकी अली गोव्यात कोणाच्या तरी आग्रहाखातर बाहेर बसून गिटारवर ‘ओ सनम’ गायला. पांढरी दाढी, डोक्याला टोपी, पुढे मोजकी माणसे. 1996 साली आलेले ते गाणे देशाने पुन्हा ऐकले आणि डोळे पुसले. तोच घाट इकडे घालावा. समुद्र नाही म्हणून अडून बसू नये. गिरणेचे पात्र आहे, तापी आहे, धुळ्याला पांझरा आहे. वाळूत बसावे, मावळतीकडे पाठ करावी, गिटार मांडीवर घ्यावी. बसायची जागा मात्र त्याच दिवशी सकाळी पाहून ठेवावी. आदल्या दिवशी पाहिलेली वाळू दुसऱ्या दिवशी तिथे असेलच असे नाही. रात्रीतून डंपर येतात. व्हिडिओत मागे ट्रॅक्टरचा आवाज आलाच, तर तो कापू नये. त्याने गाण्याला ठेका मिळतो आणि चुकलेला सूर झाकला जातो.

एका माणसापासून मात्र सांभाळून राहावे, तो म्हणजे लग्नातल्या बँडचा गायक. धुळ्याच्या कुठल्याही गल्लीत एप्रिल-मेच्या संध्याकाळी तो दिसतो. पत्रिकेवर लग्नाची वेळ छापलेली असते आणि ती टळून दोन तास झालेले असतात. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघालेला, पुढे बँडची गाडी, तिच्यावर रोषणाई आणि भोंगे, मागे ढकलत आणलेला जनरेटर. या सगळ्याच्या पुढ्यात हा पोरगा, हातात माईक, गळ्यात घामाने भिजलेला रुमाल. पाठीमागे काय आहे हे न बघता तो उलटा चालत गातो. खड्डा, गाय, मोटारसायकल, नवरीचा मामा, सगळे त्याला पाठीने समजते. ट्रम्पेटवाल्याचा दम सुटला की त्याची ओळ हाच तोंडाने भरून काढतो. अहिराणी झाले की हिंदी, हिंदी झाले की आंबेडकरी गीत, मग कोणीतरी कानाशी येऊन खानदेशी मागतो. एकोचे बटण फिरवून याने ते सुरूही केलेले असते. नवरदेवाच्या डोक्यावरून ओवाळलेली नोट बोटांत घेतो, पण सम सोडत नाही. अशी दोन-दोन लग्ने एका दिवसात करतो.

आता या पोराचे भवितव्य काय? काही नाही. त्याला पुनरागमन कधीच करता येणार नाही. गेल्या वर्षी होता, याही वर्षी आहे, पुढच्या लग्नसराईची सुपारी आजच घेऊन बसलेला आहे. जो माणूस बोलावल्या दिवशी, ठरल्या पैशांत येतो आणि गातो, त्याच्याविषयी कोणाला हुरहुर वाटणार? त्याचे नावसुद्धा कोणी विचारत नाही. बँडचे नाव गाडीवर लिहिलेले असतेच. रॉक गायकाने त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढावा, खांद्यावर हात ठेवावा, ‘अस्सल मातीतला आवाज’ असे काहीतरी म्हणावे. माईक मात्र दोघांमध्ये फिरू देऊ नये.

शेवटची आणि मोठी पायरी सत्काराची. खानदेशात सत्कार जुळवायला आठ दिवस पुरतात. मंडळ असते, नसेल तर परवा काढता येते. फ्लेक्सवर गायकाचा फोटो खाली डाव्या कोपऱ्यात येतो, कारण वरच्या भागात साहेब, मोठे साहेब, दादा आणि ज्याचा वाढदिवस तोंडावर आला आहे तो भाऊ असे चौघे असतात. गायकाने वाईट वाटून घेऊ नये. त्या चौघांपैकी कोणालाही गाता येत नाही आणि तरी ते वर आहेत. यातून शिकण्यासारखे बरेच आहे. जळगावला संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्याला शाहू महाराज नाट्यमंदिर आहे. वेळ सहाची लिहितात, साडेसातला दीपप्रज्वलन होते. काडेपेटी सापडायला पाच मिनिटे जातात. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि स्मृतिचिन्ह म्हणून काचेची एक पेटी, जी पुढे कुठल्याही बॅगेत बसत नाही.

सूत्रसंचालक गायकाची ओळख करून देतात. त्यात तो कुठे गेला होता यावर बरेच आणि काय गायला यावर फार थोडे असते. मागच्या रांगेतून एखादा म्हातारा बाबा शेजारच्याला विचारतो, “हाऊ कोन शे रे भो?” कळल्यावर म्हणतो, “आमले वाटनं, हाऊ कव्हयच मरी गया!” हे ऐकू आले तर गायकाने पुढे झुकून नमस्कार करावा. रॉड्रिग्जला एवढे ऐकायला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे आणि एक समुद्र लागला होता.

भाषणे नऊ वाजेपर्यंत चालतात. साहेबांना दुसरा कार्यक्रम असतो. ते निघताना अर्धे सभागृह उठते, आणि मागून चिठ्ठी येते: ‘वेळेअभावी फक्त मुखडा घ्यावा.’ इथे गायकाने मन घट्ट ठेवावे. मुखडासुद्धा घेऊ नये. घसा धरावा, हात जोडावेत, ‘तुमच्या प्रेमाने आवाज भरून आला’ म्हणावे आणि खाली उतरावे. टाळ्या पडतात, आणि त्या खऱ्या असतात, कारण आता जेवण आहे. हिवाळा असेल तर बाहेर काड्यांवर वांगी भाजलेली असतात, बडगीत भरीत ठेचलेले असते, सोबत कळण्याची भाकरी आणि तेलाची धार. दोन भाकऱ्या पोटात गेल्यावर ‘तेव्हाचे संगीत आता राहिले नाही’ हे वाक्य आपोआप तोंडात येते. ते बोलून टाकावे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोच मथळा असतो.

हात धुताना कोणीतरी कॉलेजचा पोरगा हटकून गाठतो आणि विचारतो, सर, नवीन काय करताय? याला उत्तर देऊ नये. गाडीची वेळ झाल्याचे सांगावे, काचेची पेटी त्याच्याच हातात देऊन स्टेशनापर्यंत सोडायला सांगावे, आणि फलाटावर पोहोचताच मोबाईलचे सिमकार्ड काढून घ्यावे. पुढच्या सत्काराच्या वेळी निदान दहा वर्षे तरी दाखवावी लागतील, आणि ती आज रात्रीपासूनच मोजायला हवीत.