कॅप्टन

शेणव्यात कॅप्टनचं घर विचारा, शाळेतलं पोरही दारापर्यंत आणून सोडतं. कॅप्टन विमानात एकदाही बसलेले नाहीत. मूळ धंदा सुतारकी. देव्हारे, दारं, अधूनमधून पाळणा. मग मुंबईत कुणाच्या तरी ऑफिसात टेबलावर लाकडी विमान पाहिलं आणि पंचक्रोशीतले देव उघड्यावर पडले.

साधं प्रवासी विमान ते करत नाहीत. ‘एसटी कोण कोरतं?’ म्हणतात. फक्त शेटलोकांची खासगी जेट, त्यातही जीव गल्फस्ट्रीम जी-६५० वर. खरं विमान ३० मीटरचं, किंमत शेकडो कोटींत. एकास शंभर केलं की फूटपट्टीएवढं. शिवणीचं लाकूड, पटाशी, कानस, लांबी, वर पांढऱ्या ड्युकोचे हात. पंखाची कड झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं घासली की डोळे मिटून ती गालावरून फिरवतात. जराशी टोचली तरी पुन्हा घासणं आलं. शेपटाजवळची इंजिनं दाखवताना मात्र आवाज खाली येतो: “रोल्स रॉईस.” तीही शिवणीचीच.

“उडतं का?” विचारणारा मनातून कायमचा उतरतो. “तुझ्या देव्हाऱ्यातला गरुड उडतो का?” भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाचा नंबर ‘व्हीटी’नं सुरू होतो, हे आसनगावहून लोकल पकडणाऱ्यांना कोण सांगणार? शेपटावरची अक्षरं वाचून विचारतात, “कॅप्टन, फास्ट की स्लो?”

एकास शंभरचं वेड आता घरभर पसरलंय. माहुली गड साडेआठशे मीटर, म्हणजे साडेआठ. “अंगणात बसंल!” यावर काकू आतून म्हणतात, “किराणावाल्याची उधारी तेवढी एकास एक आहे.”

मध्यंतरी समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्या एका शेटनं बंगल्याच्या शोकेससाठी ऑर्डर दिली.

“कॅप्टन, घरात आम्ही सतरा माणसं. प्रत्येकाला खिडकी पाहिजे.”

“दोन्ही बाजू मिळून सोळाच असतात, शेट.”

“एक वाढवा की. पैसे मी देतोय ना?”

कॅप्टननी गंजिफ्रॉकच्या आतून विसाराच्या नोटा काढल्या आणि शेटच्या पुढ्यात ठेवल्या. शेवटी शेटची म्हातारी आई मधे पडली. “धाकटा बसंल डायवरच्या बाजूला. त्याला तसंही गाडीत उलट्या होतात.” तंटा मिटला.

विमान बंगल्यावर गेलं. पूजा झाली, नारळ फुटला, नाकाला लिंबू-मिरची लागली. ती पाहून कॅप्टन जेवायचे थांबले.

“शेट, या मापात हे लिंबू चार मीटरचं झालं. विमानाच्या पोटापेक्षा जाड!”

“मग मापातलं आणा,” शेट म्हणाले. “पण लावल्याशिवाय राहायचं नाही.”

कॅप्टन सध्या त्याच्याच मागे आहेत. मोहरी बाद झाली, राजगिरा बाद झाला. परवा काकूंच्या डब्यातली खसखस भिंगाखाली धरून बसले होते. तीही मोठी पडते म्हणे.