गिअरवाले नाना

सिडकोत एन-वनपासून पुढे कुठलाही सेक्टर घ्या, गल्लीत एक नाना सापडतातच. वय सत्तरीच्या आसपास, अंगात बाह्यांचा बनियन, पायजम्याच्या खिशात पकड आणि दारात ताडपत्री टाकलेली चेतक. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि निम्मं शहर तिकडच्या बसला उभं राहायला लागलं. नानाही राहिले. होते स्टोअरमध्ये, म्हणजे हातात पान्यापेक्षा रजिस्टर जास्त. पण निवृत्तीनंतर गल्लीला मिळाले ते थेट गिअरबॉक्सचे जन्मदाते.

नानांचा विषय एकच, गिअरची वायर. कार्बोरेटर म्हणजे पोरासोरांचं काम, प्लग तर कुणीही साफ करील. चेतकचे चारही गिअर डाव्या मुठीत. मूठ फिरली की दोन वायरींपैकी एक ओढली जाते, दुसरी सैल पडते, आणि पार मागे चाकाजवळचा सिलेक्टर हलतो. वापरून वापरून वायरी ताणल्या की मुठीवरचा गिअर आणि इंजिनातला गिअर यांच्यात जिल्हा परिषदेचा ठराव आणि गावातला रस्ता यांच्याइतकं अंतर पडतं. मूठ न्यूट्रल दाखवते, खाली पहिला पडलेला असतो. मालक निवांत क्लच सोडतो आणि भाजीच्या गाड्यावर जातो.

ही बातमी नानांना भाजीवाल्याच्या आधी कळते.

"पोतं आणा."

"नाना, गॅरेजलाच टाकणार होतो..."

"गॅरेजवाला वायर ताठ बसवतो. वायरीला जराशी चाल लागते. ती कोण सोडणार, तो?"

मग पेट्रोलचा कॉक बंद होतो, स्कूटर पोत्यावर आडवी होते आणि तिच्याबरोबर मालकाचा रविवारही. नाना आधी सिलेक्टर हाताने हलवून न्यूट्रलला आणतात. मालकाने मूठ न्यूट्रलच्या खुणेवर धरून उकिडवं बसायचं. नाना पकडीने वायर ओढतात, दुसऱ्या हाताने स्क्रू आवळतात. मान वर न करता विचारतात,

"धरली का?"

"धरली."

"हलली."

"नाही हलली, नाना."

"हलली. मला इथं कळलं. पुन्हा."

यानंतर अ‍ॅडजस्टर. तो अर्धा आटा बाहेर, मग पाव आटा आत. ही पाव आट्याची विद्या नाना कुणाला देत नाहीत. लॉकनट आवळताना तर अंगाआड करून आवळतात.

टेस्ट राईडला स्वतःच जातात. गल्लीच्या टोकापर्यंत म्हणून जातात ते मुकुंदवाडीहून मेथीच्या दोन जुड्या घेऊन उगवतात. स्कूटर स्टँडवर लावतात, मूठ दोनदा फिरवतात आणि निकाल देतात, "तिसरा बरा पडतोय. दुसरा जरा अडकतो. पुढच्या रविवारी बघू." पैशाचं नाव काढलं तर रागावतात, चहात साखर कमी पडली तर जास्त रागावतात. माझं तर मत आहे की नानांना स्कूटर दुरुस्त झालेली मुळात आवडतच नाही. ती दुरुस्तीला लागलेली आवडते. बरी होऊन गेली की माणूस नुसता हात दाखवून पुढं जातो.

माणसांची पारखही याच मापानं. पुतणीला बघायला आलेला मुलगा शिकलेला, पगारदार, घरच्यांना पसंत. नानांनी तो फाटकातून गाडी काढताना पाहिला आणि आत येऊन सांगितलं, "क्लच पुरता न दाबता गिअर टाकतो. उतावळा आहे." पुतणीने शेवटी त्याच्याशीच लग्न केलं. जोडपं आलं की नाना अजूनही आधी त्याच्या डाव्या हाताकडे बघतात.

२०२० मध्ये चेतक परत आली, विजेवरची. पुढे समोरच्या पोराने ती घेतली आणि पेढे घेऊन नानांकडे आला. नाना गाडीभोवती दोन चकरा मारून आले. डावी मूठ फिरवून पाहिली. ती फिरली नाही.

"गिअर?"

"गिअरच नाहीत, नाना."

"क्लच?"

"तोही नाही."

"मग हा डावा दांडा कशाला?"

"ब्रेक आहे तो."

नाना खाली वाकले, चष्मा सावरून मागच्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिले. मग पेढा तोंडात टाकला.

"ब्रेकला तरी वायर असेलच की. जा, पोतं आण."